ओशनिया महिला नेशन्स कप: न्यूझीलंड नसताना काय होतं?

बाकावरची

महिला फुटबॉलवर आपल्याकडे धागे निघतात ते बहुतेक युरोपचे, क्वचित आशियाचे. प्रशांत महासागरातल्या बेटांवर बायका गेली चाळीसहून जास्त वर्षं देशाच्या जर्सीत खेळताहेत. त्यांच्याबद्दल मराठीत मला कुठे काही वाचायला मिळालं नाही, म्हणून हा धागा काढतेय. लांबेल, सांभाळून घ्या.

स्पर्धेचं नाव ओशनिया महिला नेशन्स कप. पहिली झाली १९८३ मध्ये, न्यू कॅलेडोनियातल्या नूमेआ शहरात. संघ चारच: न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, फिजी आणि यजमान न्यू कॅलेडोनिया. अंतिम सामना न्यूझीलंडने ऑस्ट्रेलियाविरुद्ध जादा वेळेत ३–२ असा काढला. महिलांचा विश्वचषक तेव्हा अस्तित्वातच नव्हता, तो १९९१ मध्ये चीनमध्ये सुरू झाला. म्हणजे फिजी आणि न्यू कॅलेडोनियाच्या बायका विश्वचषकाच्या आठ वर्षं आधी आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या होत्या. हे आधी नीट मनात ठेवा, कारण पुढचे आकडे वाचून त्यांची कीव करायचा मोह होतो.

१९८६ आणि १९८९ च्या स्पर्धा तैवानने जिंकल्या (हो, तैवानने, चायनीज तैपेई या नावाने). मग १९९१ ची स्पर्धा आली आणि तिच्याबरोबर विश्वचषकाचं तिकीटही आलं. माझ्या मते सगळी गडबड इथून सुरू झाली. त्या वर्षी तीनच संघ होते: ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, पापुआ न्यू गिनी. दुहेरी साखळी होती. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड एकमेकांविरुद्ध एकेक सामना जिंकले, गुण सारखे झाले आणि तिकीट ठरलं गोलफरकावर. आता हा फरक येणार कुठून? पापुआ न्यू गिनीवर कोण जास्त गोल चढवतं, त्यावरून. न्यूझीलंडने जास्त चढवले आणि न्यूझीलंड चीनला गेलं. पापुआच्या मुली त्या स्पर्धेत दोन मोठ्या संघांचा हिशेब मिटवायला होत्या, एवढंच.

१९९८ ला ऑकलंडमध्ये तर कहर झाला. ९ ऑक्टोबर, एकाच दिवशी दोन सामने. ऑस्ट्रेलियाने अमेरिकन सामोआला २१–० हरवलं आणि न्यूझीलंडने सामोआला तेवढ्याच, २१–० ने. साधारण दर सव्वाचार मिनिटांनी एक गोल. प्रत्येक गोलनंतर चेंडू जाळीतून काढायचा, मधोमध नेऊन ठेवायचा, शिट्टी वाजली की पुन्हा सुरुवात. एकवीस वेळा. मैदान सोडून जायची मुभा नसते, आणि गेल्याही नाहीत त्या.

२००६ मध्ये ऑस्ट्रेलिया ओशनिया फुटबॉल महासंघ सोडून आशियाई महासंघात गेलं. त्यानंतर २००७, २०१०, २०१४, २०१८ या चारही स्पर्धा न्यूझीलंडच्या. २०१० च्या अंतिम सामन्यात पापुआ न्यू गिनीवर ११–०, २०१८ ला फिजीवर ८–०. अंतिम सामन्याचे आकडे आहेत हे, साखळीचे नाहीत.

आता मुद्द्यावर येते. २०२३ च्या विश्वचषकाचं यजमानपद ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडकडे होतं. न्यूझीलंडला थेट प्रवेश, त्यामुळे २०२२ च्या नेशन्स कपमध्ये ते उतरलेच नाहीत. जुलैमध्ये फिजीची राजधानी सुवा इथे नऊ संघ आले: फिजी, पापुआ न्यू गिनी, सॉलोमन बेटं, सामोआ, टोंगा, ताहिती, कुक बेटं, वानुआतु, न्यू कॅलेडोनिया. ३० जुलैला अंतिम सामना झाला, यजमान फिजी विरुद्ध पापुआ न्यू गिनी. पापुआ न्यू गिनी २–१ ने जिंकली. १९९१ मध्ये ज्या देशावर गोल चढवून दुसऱ्यांची तिकिटं ठरली, तो देश एकतीस वर्षांनी या स्पर्धेचा विजेता झाला.

माझं म्हणणं असं, की बेटांचं फुटबॉल केवढं आहे हे पहिल्यांदा दिसलं ते या स्पर्धेत. ११–० च्या सामन्यात हरणारा संघ कसा खेळतो हे कळतच नाही, तो फक्त वाचवत असतो. २–१ च्या सामन्यात कळतं. २०२५ ला पुन्हा सुवातच स्पर्धा झाली, याही वेळी न्यूझीलंड नव्हतं, आणि सॉलोमन बेटं पहिल्यांदा विजेती झाली. लागोपाठ दोन स्पर्धा आणि दोन नवे विजेते! न्यूझीलंडला या स्पर्धेतून कायमचं वेगळं काढावं का, यावर तुमची मतं ऐकायची आहेत.

फातोर्डेकर

छान धागा. गोव्यातल्या लोकांना फिजी म्हटलं की पटकन रॉय कृष्णा आठवतो. लाबासाचा माणूस, फिजीचा कर्णधार. २०२० चा आयएसएलचा (इंडियन सुपर लीगचा) अंतिम सामना आमच्या फातोर्डा स्टेडियमवरच झाला आणि तो एटीके या कोलकात्याच्या क्लबकडून खेळला. कोरोनामुळे आम्हाला आत सोडलं नव्हतं ही गोष्ट वेगळी. पण फिजीच्या मुलींचा संघ दोनदा अंतिम फेरीत गेलाय हे आज कळलं.

आणखी एक दुवा. २०२२ मध्ये १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला, तेव्हा न्यूझीलंडचा संघ फातोर्ड्यावर खेळला. नायजेरिया, जर्मनी, चिली असा कठीण गट होता त्यांचा. बेटांवर दहा-दहा गोल मारणाऱ्या देशाच्या मुली इथे चांगल्याच झगडताना दिसल्या. तेव्हा प्रश्न पडला होता, यांची तयारी नेमकी कुणाविरुद्ध होते? उत्तर तुमच्या धाग्यात आहे.

आणि तैवान ओशनियात कसं, ते सांगाच.

बाकावरची

@फातोर्डेकर, राजकारण. १९७० च्या दशकात आशियाई महासंघाने चीनला आत घेतलं आणि तैवानला बाहेर काढलं. कुठेतरी खेळायला हवं म्हणून ते ओशनियात आले आणि १९८९ मध्ये परत आशियात गेले. इस्रायलची गतही तशीच झाली होती, त्यांचे पुरुष विश्वचषकाची पात्रता फेरी ओशनियातून खेळले आहेत. दूरच्या बेटांनी या दोघांना जागा दिली.

तैवानची पुढची गोष्ट तर आपल्या पुण्यात घडली. जानेवारी २०२२, महिलांचा आशिया चषक, बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडा संकुल. उपांत्यपूर्व फेरीत तैवान विरुद्ध फिलिपिन्स, १–१, मग टायब्रेकर. फिलिपिन्सने तो ४–३ जिंकला आणि पहिल्यांदाच विश्वचषकाचं तिकीट मिळवलं. शेवटची निर्णायक पेनल्टी सरिना बोल्डनची. पुढे २०२३ च्या विश्वचषकात याच बोल्डनने वेलिंग्टनला न्यूझीलंडविरुद्ध सामन्यातला एकमेव गोल केला. त्याच बालेवाडीत ऑस्ट्रेलियाही दक्षिण कोरियाकडून ०–१ हरून बाहेर पडलं. ओशनियाचे दोन माजी विजेते एकाच दिवशी, एकाच मैदानावर बाद झाले आणि आपल्याकडे त्याची फारशी चर्चाही झाली नाही. त्या आठवड्यात आपण सगळेच भारताच्या संघाला कोरोनामुळे माघार घ्यावी लागली त्या दुःखात होतो, हेही खरं.

ऑकलंडची आई

बाकावरची, माहिती उत्तम, पण निष्कर्ष पटला नाही. जरा सविस्तर लिहिते.

माझी मुलगी इथे क्लबात खेळते. तिच्या संघात सामोअन, टोंगन, कुक बेटांच्या मुली आहेत, जन्म ऑकलंडचा, घरची भाषा वेगळी. शनिवारी सकाळी मैदानावर आज्या येतात, चटया टाकून बसतात, खायचे डबे उघडतात आणि नातीच्या नावाने जो आरडाओरडा करतात तो ऐकण्यासारखा असतो. यातल्या काही मुली पुढे सामोआ किंवा कुक बेटांकडून खेळतील. कुक बेटांवर राहणारी माणसं सगळी मिळून वीस हजारही नाहीत, आणि ते न्यूझीलंडचे नागरिकही असतात. तिथला संघ उभा राहतो तो इथल्या क्लबांच्या जोरावर. तेव्हा न्यूझीलंड आणि बेटं हे दोन वेगळे कप्पे आहेत असं धरून चालू नका. ओशनिया महासंघाचं मुख्यालयसुद्धा ऑकलंडलाच आहे.

दुसरं. न्यूझीलंडला बाहेर काढलं तर बेटांना आपण कुठे आहोत हे कसं कळणार? पापुआ न्यू गिनी २०२२ मध्ये जिंकली, आनंद झालाच. पण फेब्रुवारी २०२३ मध्ये इथे ऑकलंडला आंतरखंडीय प्ले-ऑफ झाला, म्हणजे विश्वचषकाच्या उरलेल्या जागांसाठी वेगवेगळ्या खंडांतल्या संघांची शेवटची पात्रता फेरी, त्यात पनामाने त्यांना २–० हरवलं. मोठ्या संघाविरुद्ध खेळायची सवय नसेल तर अशा एका सामन्यात सगळं संपतं.

आणि तिसरं, इकडच्या बाजूनेही बघा. न्यूझीलंड अगदी पहिल्या विश्वचषकातही होतं, पण त्यांचा विश्वचषकातला पहिला विजय केव्हाचा? २० जुलै २०२३. ईडन पार्कवर बेचाळीस हजार लोक, हॅना विल्किन्सनचा गोल, नॉर्वेवर १–०. त्या रात्री आमच्या गल्लीत अनोळखी लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. पण तोपर्यंत पाच विश्वचषकांत एकही विजय नव्हता. बेटांवर ११–० जिंकून न्यूझीलंडचा काही फायदा झाला नाही हे यावरून दिसतं. मात्र याचा उपाय बेटं सुधारणं हा आहे, आणि ती सुधारणार ती न्यूझीलंडबरोबर राहूनच.

चौकस

आकडे वाचून धक्का बसला. पण आपणही काही वेगळे नाही हं. डिसेंबर २०२४ मध्ये बेंगळुरूला भारताच्या मुलींनी मालदीवला १४–० हरवलं होतं. मालदीवही बेटंच. तेव्हा बातम्यांत नुसता जल्लोष होता. समोरच्या संघात कोण होत्या, किती वर्षं खेळत होत्या, कुणीही लिहिलं नाही.

एक शंका. अशा सामन्यांत पुढारलेला संघ पाच-सहा गोलांवर थांबत का नाही?

बाकावरची

@चौकस, थांबता येत नाही, कारण नियम थांबू देत नाहीत. तिकीट एक, दावेदार दोन आणि गोलफरकाचा नियम, म्हणजे सहाव्या गोलवर थांबणारा संघ स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतो. १९९१ ला न्यूझीलंड थांबलं असतं तर ऑस्ट्रेलिया गेलं असतं. पुरुषांतही तेच, २००१ मध्ये ऑस्ट्रेलियाने अमेरिकन सामोआला ३१–० हरवलं तेव्हा सगळं जग हसलं. त्यानंतर लहान बेटांची वेगळी प्राथमिक फेरी घ्यायला सुरुवात झाली.

शिवाय मुद्दाम न मारणं हाही समोरच्याचा अपमानच वाटतो खेळाडूंना. त्यापेक्षा असे सामने लावूच नयेत.

@ऑकलंडची आई, तुमच्या तिसऱ्या मुद्द्याने माझंच म्हणणं भक्कम होतंय असं मला वाटतं. एकतर्फी सामन्यांत दोघांचंही नुकसान होतं. बाकीच्यावर सविस्तर लिहिते जरा वेळाने.

सुवामुक्कामी

कामानिमित्त सुवात काही वर्षं होतो, तेव्हा थोडं तिथलं.

फिजीत फुटबॉल हा बराच काळ भारतीय वंशाच्या लोकांचा खेळ मानला गेला. १८७९ पासून गिरमिटवर, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांचे वंशज, बहुतेक उत्तर प्रदेश, बिहार आणि दक्षिणेकडचे. मराठी जवळपास नाहीतच. १९३८ मध्ये संघटना निघाली ती भारतीयांची म्हणूनच, आणि त्याच वर्षी सुरू झालेली आंतरजिल्हा स्पर्धा अजून चालते. बा, लाबासा, नांदी, रेवा, सुवा... या जिल्ह्यांची भांडणं ऐकावीत तर फिजी हिंदीत. दुसरीकडे मूळ फिजियन लोकांचा जीव रग्बीवर. पुरुषांच्या संघात हे दोन्ही समाज आज एकत्र दिसतात, मुलींच्या संघात मात्र जवळपास सगळ्या मूळ फिजियन.

आणि तिथेच खरी अडचण आहे. दांडगी, वेगवान, अंगात खेळ असलेली मुलगी गावात दिसली की रग्बीवाले तिला आधी गाठतात. ते गाठणारच, टोकियो ऑलिंपिकमध्ये फिजीच्या महिलांनी सेव्हन्स रग्बीत कांस्य मिळवलंय. त्या पदकाची चित्रं शाळाशाळांत लागली होती. फुटबॉलकडे दाखवायला असं काही नव्हतं. म्हणून २०२२ चा अंतिम सामना हरला तरी मोठा ठरला. लाउथाला बेच्या स्टेडियमबाहेर रोटी पार्सल विकणाऱ्या बाईसुद्धा 'कुलाज' कशा खेळल्या यावर बोलत होत्या. कुला म्हणजे तिथला लाल-हिरवा पोपट, मुलींच्या संघाला तेच नाव आहे. पापुआ न्यू गिनीचा संघ 'लाकातोई', म्हणजे त्यांची जुनी शिडाची व्यापारी नौका. सॉलोमनचा संघ बोनिटो या माशाच्या नावाचा.

सुवात पाऊस कधीही येतो आणि आला की मैदानाचं पार डबकं होतं. टीव्हीवर पासिंग रखडलेलं दिसतं त्यात खेळाडूंइतकाच पावसाचाही वाटा असतो, एवढं बघताना लक्षात घ्या.

पेठेतला कोच

कोल्हापुरातून लिहितोय. शाहू स्टेडियमवर पेठा-तालमींचे सामने बघत मोठा झालो, आता शाळेतल्या मुलींना शिकवतो. धाग्यातला ११–० चा विषय माझ्या रोजच्या कामाचा आहे, म्हणून राहवलं नाही.

मोठ्या फरकाने हार कशी होते ते लोकांना माहीत नसतं. वाटतं, पोरींना खेळताच येत नाही. तसं नसतं. बघा, गोलकिक घ्यायला कीपर उभी राहते. तिची किक मैदानाच्या मध्यापर्यंत पोचत नाही, पंचवीस-तीस मीटरवर पडते. समोरच्या संघाला हे दुसऱ्या किकला समजतं. मग त्यांच्या चार मुली तिथेच येऊन उभ्या राहतात. किक त्यांच्या पायात, दोन पासमध्ये चेंडू परत गोलसमोर. वाचला तर पुन्हा गोलकिक, पुन्हा तेच. एका गोष्टीतून सात-आठ गोल होतात. चौथ्या-पाचव्या गोलनंतर बचावातल्या मुली एकमेकींशी बोलायच्या बंद होतात. तेवढ्यावरून मी ओळखतो, आता थांबत नाही हे.

यावर इलाज सोपा आहे. किक पोचत नसेल तर जवळच्या बॅककडे छोटा पास देऊन बाहेर पडायचं. पण हे सामन्यात करायला धीर लागतो आणि तो धीर येतो बरोबरीच्या संघाशी खेळून. दहा गोल खाल्लेली मुलगी पुढच्या वेळी छोटा पास द्यायला घाबरते, डोळे मिटून लांब मारते. म्हणजे मोठी हार तिला तीच चूक परत करायला शिकवते. बाकावरची ताईंचा मुद्दा मला म्हणून पटतो. २–१, १–१, ०–१ असे सामने वर्षभर मिळाले की मुली कुठल्या कुठे जातात.

पण ऑकलंडच्या ताईंचंही बरोबर आहे. माझ्या मुलींना वर्षातून एखादा सामना वरच्या गटाशी मी मुद्दाम लावतो. फक्त एखादाच, आणि आधी सांगून.

किनारपट्टी

वाचतोय. एक साधा प्रश्न: न्यू कॅलेडोनिया आणि ताहिती तर फ्रान्सचे प्रदेश ना? मग त्यांचा वेगळा संघ कसा?

बाकावरची

@किनारपट्टी, फिफाचं सदस्यत्व आणि देशाचं स्वातंत्र्य या वेगळ्या गोष्टी आहेत. दोघेही फिफाचे सदस्य आहेत, पासपोर्ट मात्र फ्रेंच. त्यामुळे तिथला चांगला खेळाडू फ्रान्सकडूनही खेळू शकतो. १९९८ चा विश्वचषक जिंकणाऱ्या फ्रान्सच्या संघातला क्रिस्टियन कारेंबू न्यू कॅलेडोनियाचाच. अमेरिकन सामोआचंही तसंच, अमेरिकेच्या ताब्यातलं बेट पण संघ वेगळा.

@पेठेतला कोच, सर, गोलकिकचं तुम्ही जे लिहिलंत त्यासाठी धन्यवाद. जुने सामने आता त्या नजरेने परत बघणार.

आता @ऑकलंडची आई यांना.

मोठ्या संघाशी खेळल्याशिवाय पातळी कळत नाही, हे मान्यच. पण बेटांची अडचण पातळी कळण्याची नव्हती, सामनेच न मिळण्याची होती. तारखा बघा. नेशन्स कप २०१०, २०१४, २०१८. मधल्या वर्षांत पॅसिफिक गेम्स, म्हणजे प्रशांत बेटांची बहुक्रीडा स्पर्धा, २०११, २०१५, २०१९. म्हणजे कित्येक संघांना दोन वर्षांत एकदा, आठ-दहा दिवस आंतरराष्ट्रीय फुटबॉल. मधे काही नाही. कारण पैसा आणि अंतर. ताहितीहून पापुआ न्यू गिनीला जायचं तर मुंबईहून लंडनला जाण्याइतका पल्ला, तोही विमानं बदलत. मैत्रीपूर्ण सामना ठेवायचा म्हटला तरी वीसेक मुलींची तिकिटं काढायची कुणी? यातल्या बहुतेक जणी नोकरी-शिक्षण सांभाळून खेळतात.

आणि ज्यांना सामने मिळाले त्यांचं काय झालं तेही बघा. पापुआ न्यू गिनीचंच घ्या. २००३ मध्ये पॅसिफिक गेम्सला महिला फुटबॉल आलं, तेव्हापासून २०१९ पर्यंत पाचही सुवर्णपदकं त्यांची. तिथे न्यूझीलंड नसतं. २०१६ मध्ये २० वर्षांखालील मुलींचा विश्वचषक पोर्ट मोर्स्बीला झाला, यजमान म्हणून त्यांच्या मुली जगातल्या मोठ्या संघांशी खेळल्या, हरल्या. पण मेगन गुनेंबा, रमोना पादिओ ही जी पिढी २०२२ ला आघाडीवर होती, तिच्यामागे बरोबरीच्या सामन्यांची अशी पंधरा-वीस वर्षं आहेत. बरोबरीचे सामने भरपूर आणि मोठा सामना अधूनमधून, असंच तिथे झालं. कोच सर म्हणाले तेच.

सामोआचं तर आणखी. १९९८ ला २१–० हरलेला देश. २०१९ च्या पॅसिफिक गेम्समध्ये रौप्य, २०२२ च्या नेशन्स कपमध्ये उपांत्य फेरी, आणि २०२५ मध्ये त्यांच्या १७ वर्षांखालच्या मुली विश्वचषक खेळायला मोरोक्कोला गेल्या. ऑकलंडमध्ये वाढलेल्या मुलींचा यात मोठा हातभार आहे, हे तुमचं म्हणणं मी मानते आणि ते धाग्यात यायलाच हवं होतं, तुम्ही आणलंत. पण त्या मुलींनाही देशाकडून खेळायला मैदान लागतंच ना.

ऑकलंडची आई

पटतंय हळूहळू. तरी एक टोचतं. २०२२ आणि २०२५ ला न्यूझीलंड नव्हतं, आणि तरीही फेब्रुवारी २०२४ मध्ये सामोआची राजधानी आपिआला ऑलिंपिक पात्रतेच्या अंतिम सामन्यात न्यूझीलंडने सॉलोमन बेटांना ११–० हरवलंच. म्हणजे दरी आहे तेवढीच आहे. वेगळी स्पर्धा करून आपण ती फक्त झाकतोय, असं नको व्हायला.

सुवामुक्कामी

११–० खरंच आहे. पण तोच सॉलोमन संघ पुढच्या वर्षी बेटांचा विजेता झाला, हेही त्याला जोडून बघा. त्या हारेने ते मोडले नाहीत, कारण पुढे जिंकता येईल अशी स्पर्धा समोर होती. १९९८ च्या सामोआच्या मुलींपुढे तसं काहीच नव्हतं.

चौकस

मग आता विश्वचषकाचं काय? २०२७ ला ओशनियाला किती जागा?

बाकावरची

@चौकस, २०२७ चा विश्वचषक ब्राझीलला आहे. ओशनियाला एक थेट जागा, आणि दुसऱ्या क्रमांकाच्या संघाला आंतरखंडीय प्ले-ऑफ. ही दुसरी जागा फार महत्त्वाची आहे. आधी एकच तिकीट होतं, ते न्यूझीलंड घेऊन जाई, आणि दुसरं येऊन हातात काही नसे. आता न्यूझीलंडकडून कितीही गोल खाल्ले तरी फिजी, पापुआ न्यू गिनी, सॉलोमन, सामोआ यांच्यात जी पुढे येईल तिला पनामासारख्या संघाशी खेळायची संधी आहे. नेशन्स कप पात्रतेपासून सोडवला गेलाय हेही बरं झालं. पात्रता फेरीत न्यूझीलंड असावं, नेशन्स कपमध्ये बेटांनीच आपसात लढावं. अशा विभागणीवर ऑकलंडच्या ताईंची आणि माझी बऱ्यापैकी जुळणी होईल असं वाटतंय.

ऑकलंडची आई

होईल. फक्त नेशन्स कप दर दोन वर्षांनी घ्या, चार नको. आणि तिकिटांच्या पैशांत न्यूझीलंडने वाटा उचलावा, कारण या बेटांमुळेच त्यांना इतकी वर्षं विश्वचषकाचा सोपा रस्ता मिळालाय.

पेठेतला कोच

दर दोन वर्षांना माझं अनुमोदन. बाकावरची ताई, २०२२ च्या अंतिम सामन्याची चित्रफीत कुठे मिळत असेल तर इथे द्या. पापुआची कीपर गोलकिक कशी घेत होती तेवढं बघायचंय.